चार बोल्ट

परदेशीपुरा, इंदूर
रविवार, दुपार

प्रिय श्रेया,

तुझा कागद मिळून आज बारा दिवस झाले. रोज फोनवर तू विचारतेस, आबा, सही केली का, आणि रोज मी काहीतरी सांगतो. चष्मा सापडत नाही, नोटरीवाला लग्नाला गेलाय, वर्कशॉपमध्ये पंपांचा सीझन आहे. तू ऐकून घेतेस. पण परवा तू मध्येच थांबलीस आणि म्हणालीस, 'आबा, आवाज असा का येऊन राहिलाय तुमचा?' तेव्हाच समजलं की हे फोनवर होणार नाही. लोकांचे कान तपासून पोट भरणाऱ्या मुलीशी फोनवर खोटं बोलायला बसणं म्हणजे सराफ्यात जाऊन पितळ विकणं. म्हणून कागद घेतला. अक्षराला हसू नकोस. मोटारीवर खडूनं हॉर्सपॉवर लिहिण्यापलीकडे या हातानं चाळीस वर्षांत फारसं काही लिहिलेलं नाही.

कागद तू चांगला लिहिलायस. वकिली भाषा असूनही माझ्यासारख्याला समजतो. दोन वर्षांपूर्वी अकरा फेब्रुवारीच्या सकाळी विमानतळावर जे झालं, त्याची तीन वाक्यं. पहिलं, तुझ्या चाकांच्या खुर्चीची आणि तिच्या बॅटरीची खरी माहिती तू अठ्ठेचाळीस तास आधी विमान कंपनीला दिली होतीस. दुसरं, ड्यूटीवरच्या मिताली नावाच्या मुलीनं तुझी खुर्ची विमानात घ्यायला नकार दिला. तिसरं, दुसरा कुठलाही मार्ग तुला किंवा मला सांगितला गेला नाही. खाली 'साक्षीदार' आणि माझं नाव. बावीस तारखेला ग्राहक आयोगापुढे तुझी तक्रार उभी राहील. विरुद्ध पक्षात दोन नावं आहेत, एक कंपनीचं आणि एक त्या मुलीचं. दोन वर्षं तू नोकरी सांभाळून या एका गोष्टीच्या मागे लागली आहेस, आणि आता तुझ्या वकिलाला फक्त बापाची सही हवी आहे. मी तो कागद टेबलावरच्या काचेखाली ठेवलाय. येता-जाता दिसतो. सही होत नाही.

का होत नाही ते सांगतो, पण आधी घरचं सांगतो, म्हणजे पुढे चिडून पत्र बाजूला ठेवलंस तरी एवढं वाचलेलं असेल. आईचा गुडघा आता कुरकुरायचा थांबून सरळ ओरडायला लागलाय. परवा तुकोगंजच्या डॉक्टरकडे जिना चढताना मध्येच बसली आणि म्हणाली, आता कळतं हो श्रेयाला काय वाटत असेल. मी म्हटलं, नाही कळत. तुला गुडघा दुखतो, तिला लोक दुखतात. त्यावर ती माझा हात सोडून कठडा धरून चढली. तुझ्या भावानं, यशवर्धननं, वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर आणून बसवलाय, आता प्रत्येक मोटारीचा फोटो काढतो. गिऱ्हाईक म्हणतात, भिया, मोटर सुधारायला आणली, लग्न जमवायला नाही. तो तुझ्यासारखाच, हसतो आणि स्वतःचंच करतो. आईनं तुझ्यासाठी लौंग सेव घेऊन ठेवली आहे, पुढच्या आठवड्यात पुण्याला जाणारं कोणी मिळालं की पाठवते.

आता ऐक. तू बारा वर्षांची असतानाचं आपलं पहिलं विमान आठवतं? तुझ्या पाठीच्या ऑपरेशनला मुंबईला निघालो होतो. तापानं तुझे पाय जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. लहान विमान, बाहेरून लावलेली शिडी, आणि खाली उभा एक माणूस म्हणतोय की वर न्यायची सोय आज बंद आहे. मी दुसरं वाक्य ऐकलंच नाही. तुला उचललं आणि चढलो. मागे रांगेतून कोणीतरी म्हणालं, 'बाप हो तो ऐसा', आणि दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. ती गोष्ट मी पुढे दहा वर्षं अख्ख्या परदेशीपुऱ्याला ऐकवली. तू कॉलेजात असताना एका रविवारी पाहुण्यांना सांगत होतो, तेव्हा तू पोह्यांवर जीरावन मसाला टाकता टाकता म्हणालीस, 'आबा, त्या दिवशी माझा फ्रॉक वर गेला होता आणि खालचे सगळे बघून राहिले होते. मी डोळे मिटले होते ते भीतीनं नाही. मला विचारून उचलायचं होतं.' पाहुणे आपापल्या प्लेटमध्ये बघायला लागले. मी हसून विषय बदलला. हसून विषय बदलणं मला लहानपणापासून येतं, त्यावरच धंदा उभा केलाय. ती खालची सोय त्या दिवशी खरंच बंद होती की नव्हती, हेसुद्धा मी कधी विचारलं नाही. माझ्या खांद्यात जोर होता, मग कशाला विचारायचं.

आमच्या धंद्यातली एक म्हण तू लहानपणापासून ऐकली आहेस. मोटर चालली तर कंपनीची, जळली तर मिस्त्रीची. मिल बंद पडली तेव्हा तुझे आजोबा तिथे इलेक्ट्रिशियन होते आणि मी एकोणीस वर्षांचा. आपले नातेवाईक अजून पणजोबांच्या तलवारीच्या आणि होळकरांच्या रिसाल्याच्या गोष्टी सांगतात. मला तेव्हा तलवार नको होती, तांब्याची तार हवी होती. एका स्टुलावर बसून जळक्या मोटारींत नवी तार भरायला, वाइंडिंगला, सुरुवात केली. कान चांगला होता. पेचकसाचं टोक मोटारीवर, मूठ कानाला, आणि आत काय चाललंय ते मला डॉक्टरसारखं ऐकू यायचं. पण मी भरलेली मोटर पाच वर्षं चालली की गिऱ्हाईक कंपनीची पट्टी दाखवून म्हणायचं, माल असली आहे. आणि व्होल्टेज घसरून जळली की मला शोधत यायचं. तेव्हाच मी ठरवलं. माझ्या दारातून जी मोटर बाहेर पडेल तिच्यावरची कंपनीची पट्टी निघेल, सगळी हिरव्या रंगात न्हाऊन निघेल, आणि वर माझी पत्र्याची पट्टी लागेल, 'उदय वाइंडिंग, परदेशीपुरा'. सांवेरपासून महूपर्यंत विहिरीवर हिरवी मोटर दिसली की ती माझी. लोकांना तो शौक वाटतो. ती माझी इज्जत होती.

तुझ्या खुर्चीचंही मी तेच केलं. मोटर पुन्हा भरली हे तुला माहीत आहे, हिरवा रंग तुला आवडलाही होता, पोपट म्हणायचीस. बॅटरीचं मात्र मी तुला खोटं सांगितलं. कंपनीची जुनी बॅटरी बारा किलोमीटरला दम टाकायची. मी म्हणालो, कंपनीकडून नवी मागवली. मागवली नव्हती. सुटे सेल आणून मीच जोडली, माझ्या टेबलावर, चार रात्री घालवून. पंचवीस किलोमीटर जायची. जुन्या बॅटरीच्या डब्यावर कंपनीचं लेबल होतं, किती व्होल्ट, किती वॉट, कुठल्या तपासणीत पास. डबा तोच वापरला, लेबल गरम हवेनं सोडवलं आणि वर हिरवा हात मारला. डोळे मिटून केलं, सवयीनं. बॅटरी आजही तुझ्या खुर्चीखाली आहे आणि चांगली आहे, पण तिचा कागद कुठेच नाही. कंपनीची कागदासकट दुसरी मागवली आहे, या वेळी खरोखर. यशवर्धन घेऊन येईल आणि तुझ्यासमोर बदलून देईल.

बंगळुरूच्या त्या संस्थेत बोलावणं आलं तेव्हा तू किती व्यवस्थित सगळं केलंस ते मी बघत होतो. बहिऱ्या जन्मलेल्या मुलांना ऐकायला शिकवायचं काम, देशभरातून दोन जागा, आणि मुलाखत एकाच दिवशी, समोर बसून. तू कंपनीला दोनदा फोन केलास, तीनदा तोच फॉर्म भरलास. मला विचारलंस, 'आबा, बॅटरीचे कागद आहेत ना?' मी म्हणालो, सगळे आहेत. तू जुन्या मॉडेलवरून वॉट लिहिलेस. तुझ्या कागदातलं पहिलं वाक्य म्हणून खोटं आहे, श्रेया. तू खोटं लिहिलं नाहीस, मी तुझ्याकडून लिहवून घेतलं.

त्या सकाळचं सगळं तू तक्रारीत लिहिलंस आणि त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. काउंटरवरचा माणूस तुझ्या डोक्यावरून मला विचारत होता, 'ये खड़ी हो सकती हैं क्या?' तुझी खुर्ची लोडरनं ती चालवायच्या दांडीला धरून ओढत नेली, बैल नेतात तशी. तुला त्या लहान चाकांच्या खुर्चीत बसवलं, जी स्वतःला ढकलता येत नाही, आणि खांबामागे भिंतीकडे तोंड करून उभी केली. चाळीस मिनिटं. तू मान वळवून म्हणत होतीस, माझ्याशी बोला, तिकीट माझं आहे. मी वीस फुटांवर होतो आणि मला ऐकू येत होतं. तुला आठवत असेल, तिथे एकच मुलगी होती जी तुझ्यासमोर उकिडवी बसून, तुझ्या डोळ्यांत बघून बोलली. ती मिताली. बॅटरीवर लेबल नाही, आणि फॉर्मवर काही वेगळंच लिहिलंय, एवढं ती तुला सांगत होती. तेवढ्यात तिच्या खांद्यावरचा वॉकीटॉकी बोलला. तुला शब्द कळले नसतील, खरखर होती. मोटारींची खरखर ऐकत चाळीस वर्षं गेली, मला कळले. वरचा कोणीतरी तिला म्हणाला, 'पैसेंजर के साथ टाइम वेस्ट मत करो, साथ वाले से बात करो.' ती उठली आणि माझ्याकडे आली.

आता तिसरं वाक्य, जे मी बारा दिवस काचेखाली वाचतोय. दुसरा मार्ग सांगितला गेला नाही. सांगितला होता, मला. ती मुलगी म्हणाली, 'अंकल, बैटरी बाहर आ जाए ना, तो चेअर मैं अभी लोड करवा दूँ. वहाँ पहुँच के दूसरी लगवा लेना, तब तक हमारा स्टाफ दीदी को उन्हीं की चेअर पे पुश कर देगा. निकलती है क्या?' बॅटरी चार बोल्टांवर बसवली आहे. मीच बसवली आहे. त्यांची चावी माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात होती आणि जुडगा हातात. पाच मिनिटांचं काम. आणि मी म्हणालो, 'नहीं निकलती बेटा, कंपनी की सील है.' तिनं वाकून माझ्या बाजूला आणून ठेवलेल्या तुझ्या खुर्चीखाली पाहिलं. उठताना माझ्याकडे पाहिलं. मग फोनवर वरच्या माणसाला कळवलं, आणि वरून सांगितलं गेलं की खुर्ची राहू दे, पॅसेंजरला बसवा. तुला येऊन एवढंच सांगितलं गेलं की खुर्ची जाणार नाही, तू जाऊ शकतेस. तू म्हणालीस, म्हणजे पाय इथे ठेवून जाऊ का. उत्तर माझ्या हातातल्या जुडग्यात होतं.

घरी आलो. तू खोलीचं दार लावलंस. आईनं खिचडी टाकली होती. मी दोनदा वाढून घेतली. ती माझ्याकडे बघत राहिली. संस्थेनं दुसरी तारीख दिली नाही. तू दीड वर्ष तुकोगंजच्या क्लिनिकमध्ये म्हाताऱ्यांच्या कानात मशीन बसवत काढलंस, ज्यात तुझं मन नव्हतं, आणि मी रोज तुला सोडायला-आणायला यायचो, शिट्टी वाजवत. मग पुण्याची नोकरी मिळाली. विमानाचं नाव काढायचं नाही म्हणालीस, म्हणून मी गाडीनं सोडलं, धुळ्याच्या पुढे तू झोपलीस. तक्रारीला कंपनीनं उत्तर दिलं की बॅटरीवर लेबल नव्हतं. तू मला विचारलंस. मी म्हणालो, घासून गेलं असेल. बघ, एक झाकायला दुसरं. आणि तू माझ्यावर विश्वास ठेवून वकिलाला तसं कळवलंस.

हे असंच राहिलं असतं. पण मागच्या महिन्यात सांवेरचे श्रीहरीजी पंपाची जळकी मोटर घेऊन आले. जुनं गिऱ्हाईक, सोयाबीन-गव्हाची शेती, बोलणं कमी. मी आत कॉइल बघत होतो, बाहेर लेथ चालू होता, आणि ते यशवर्धनला काहीतरी सांगत होते. लेथच्या आवाजातून मला दोनच गोष्टी ऐकू आल्या. 'छोरी एअरपोर्ट पे थी' आणि 'व्हीलचेअर वाली मैडम'. तू माझे कान तपासून सांगितलं होतंस की वरचे सूर गेलेत, आबा. नको ते अजून नीट ऐकू येतं. बाहेर येऊन विचारलं. तक्रार झाली, तेव्हा कंपनीनं चौकशी केली. चौकशीत कागदावर एकच नाव निघालं, ठेक्यावर असलेल्या त्यांच्या मुलीचं, मितालीचं. वॉकीटॉकीवरचा माणूस कुठेच नव्हता. तिचा विमानतळाचा पास काढून घेतला. दुसऱ्या कंपनीनंही घेतली नाही, कारण तिच्यावर प्रकरण चालू आहे. आता गावातल्या शाळेत शिकवते. श्रीहरीजींना माहीत नव्हतं की ती मैडम माझी मुलगी. मी सांगितलं नाही.

मोटर पोचवायला कधी न जाणारा मी, स्वतः गेलो. टेम्पोत बसून. अंगणात खाट टाकली, मितालीनं पाणी आणलं आणि मला ओळखलं. चेहऱ्यावर काहीच दाखवलं नाही, गावात पोरींना ते लवकर येतं. श्रीहरीजी मोटर उतरवायला विहिरीकडे गेले तेव्हा ती दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, 'अंकल, मैं तो उसी दिन पहचान गई थी. चेअर के नीचे हरा रंग, आपकी पट्टी. हमारे कुएँ पे बीस साल से वही लगी है.' मी विचारलं, मग रिपोर्टमध्ये लिहिलं का नाहीस. कंपनीची सील नाही, बाप खोटं बोलतोय, एवढं लिहिलं असतंस तर वाचली असतीस. ती म्हणाली, 'मुझे लगा आप खुद बोल दोगे. दीदी के सामने मैं कैसे बोलती, आप उनके पापा हो.' मग म्हणाली, 'दीदी ने कंप्लेंट ठीक की. दीवार की तरफ मुँह करके तो मैं भी नहीं बैठती. बस मेरा नाम...' तेवढ्यात श्रीहरीजी आले आणि म्हणाले, छोरी, चहा टाक. मी चहा घेतला, श्रेया. तिच्या हातचा चहा घेतला आणि मोटर कशी चालवायची ते सांगत बसलो.

परतताना टेम्पोत मी एक वाक्य जुळवत होतो. इज्जत आडवी आली, मी बनवलेली बॅटरी चारचौघांत, तुझ्यासमोर, बिनकागदाची ठरावी हे सहन झालं नाही. हे वाक्य बरं आहे. माणसं ते माफ करतात. आईला रात्री सांगितलं तेव्हा तेच सांगितलं. ती म्हणाली, 'अहो, खिचडी दोनदा घेणारा माणूस इज्जत गेलेला नसतो.' आणि कूस बदलून झोपली.

तर काचेखालचा तुझा कागद मी बिनसहीचा परत पाठवतोय, सोबत माझा एक कागद आहे, नोटरी केलेला. त्यात बॅटरी, लेबल, चार बोल्ट, मितालीनं काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, आणि वॉकीटॉकीवरून तिला तुझ्याशी बोलायचं सोडून माझ्याशी बोल असं सांगितलं गेलं, हे सगळं आहे. त्यांनी तुला विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, काढा बॅटरी. तुला न विचारणं हा त्यांचा गुन्हा, आणि त्या सवयीच्या आड लपणं हा माझा. तक्रार मागे घेऊ नकोस. पण वीस तारखेला मी हा कागद आयोगाच्या कचेरीत देणार आहे, तुझी परवानगी मागत नाही, कारण मागितली तर बापाला बुडवायचं की त्या पोरीला, हे तुला ठरवावं लागेल, आणि ते ठरवायचं काम माझं आहे. तुला आधी कळावं, तुझ्या वकिलाशी बोलायला तुला दिवस मिळावेत, म्हणून आज कळवतोय. एक गोष्ट मात्र त्या कागदात नाही, कारण तिला नोटरीचा शिक्का चालत नाही, आणि खरं तर तेवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं. त्या मुलीनं 'निकलती है क्या' विचारलं तेव्हा मला राग आला नाही, लाज वाटली नाही. मला हलकं वाटलं. वाटलं, चला, राहिली आता घरी. बंगळुरूला तुझं कसं होईल याची मला काळजी होती असं मी जगाला सांगत होतो. मला भीती होती ती तुझं तिथे माझ्याशिवाय नीट चालेल याची. तू जाऊ नयेस असं मला वाटत होतं, आणि मी तोंडानं शुभेच्छा देत होतो, आणि देवानं म्हण, विमानकंपनीनं म्हण, मला एक संधी दिली आणि मी ती घेतली. दोन जागांपैकी एक तुझी होती की नाही हे आता कोणालाच कळणार नाही, आणि तेच मला सर्वात जास्त खातं. माफी मागत नाही. ती मागायला समोर यावं लागतं, आणि तू ये म्हणशील तेव्हा येईन, नाही म्हणालीस तर तेही ऐकेन. विरुद्ध पक्षातलं मितालीचं नाव काढ. वकिलाला सांग, त्या ओळीत माझं घालायचं आहे. पत्ता तुला माहीत आहे.

तुझाच, जसा आहे तसा,
आबा